जबाबदार, पण कोणाला?



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका श्रोत्याने आम्हाला विचारलं होतं, "सर, हयात गेली कांट आणि न्यायदर्शन शिकवण्यात. आता हे हॅकिंग कुठून काढलंत मध्येच?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. खरं कारण जरा अवघड आहे. ते आजच्या ओघात येईलच. आधी विषय नीट मांडून घेऊ, कारण हे ऐकणाऱ्यांत संगणक कोळून प्यायलेली तरुण मंडळी आहेत, तशीच ओटीपी आला की चष्मा शोधणारी आमच्यासारखीही आहेत.

समजा, तुम्ही एखाद्या वेबसाइटवर परीक्षेचा अर्ज भरलात. तो पुन्हा उघडून पाहताना वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो, त्याच्या शेवटी तुमच्या अर्जाचा क्रमांक आहे, ४५१७. तुम्ही सहज तिथे ४५१८ टाइप केलंत, एंटर दाबलंत, आणि भलत्याच कोणाचा तरी अर्ज समोर उघडला. फोटो, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाइल नंबर, जातीचा दाखला, सगळं. तुम्ही कुलूप फोडलं नाहीत, भिंत चढला नाहीत, नुसता एक आकडा बदललात. वेबसाइटने एवढंच विचारायचं होतं की, बाबा रे, हा अर्ज तुझाच का? ते विचारायला ती विसरली. वेबसाइटींमधल्या दोषांचा हा अगदी प्राथमिक आणि आजही सर्रास आढळणारा प्रकार आहे.

तर हे तुम्हाला कळलं. आता करायचं काय? गप्प बसता येतं. गावभर सांगता येतं. ही माहिती विकत घेणारे बाजारही आहेत, तिथे विकता येते. किंवा मग मालकाला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला त्याला वेळ द्यायचा, आणि त्याने खूश होऊन काही दिलं तर घ्यायचं. या शेवटच्या वाटेला 'रिस्पॉन्सिबल डिस्क्लोजर' असं भारदस्त नाव आहे, म्हणजे जबाबदारीने केलेलं प्रकटीकरण. आणि त्यातल्या पैशाच्या भागाला म्हणतात 'बग बाउंटी'. आज आम्ही टीका करणार आहोत ती या वाटेवर. ती वाईट आहे म्हणून नव्हे, बाकीच्या तिन्ही तिच्याहून वाईटच आहेत. पण तिच्या नावातच एक प्रश्न दडपला गेला आहे, असं आमचं म्हणणं आहे. जबाबदार, ठीक. पण कोणाला?

हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा यांचं कुलपांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं एक कुलूप टांगलेलं होतं आणि सोबत पाटी होती: हे कुलूप जो कारागीर उघडून दाखवील, त्याला २०० गिनी मिळतील. रस्त्याने जाणारा कोणीही ती पाटी वाचू शके. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी अमेरिकेहून अल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक कुलूपवाला आला. गृहस्थ काही साधुसंत नव्हता. स्वतःच्या कंपनीची कुलपं खपवायलाच आला होता. त्याने आधी चब कंपनीचं, चोर आला तर ओळखतं अशी ख्याती असलेलं कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामांच्या पाटीखालच्या कुलपाला हात घातला. १६ दिवसांत मिळून ५१ तास तो त्या कुलपाशी झटत होता. शेवटी उघडलं. ब्रामा मंडळींनी कुरकुर केली, पण पंचांनी निर्णय दिला आणि २०० गिनी मोजाव्या लागल्या.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. या प्रकाराने इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. कुलपांतली खोट अशी चारचौघांत सांगावी का, त्याने चोरांना शिकवणी नाही का मिळणार, असा वाद पेटला. १८५३ साली चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेला कुलपांवरचा एक ग्रंथ निघाला, त्यात या शंकेला सरळ उत्तर दिलं आहे. त्याचा आशय असा की, चोर आपल्या धंद्यात निष्णातच असतात, त्यांना तुम्ही काय शिकवणार? खोट माहीत नसते ती बिचाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला. सांगायचं ते त्याच्यासाठी.

गिऱ्हाईक! बघा, १८५३ सालच्या वादात तीन माणसं हजर आहेत: कुलूप करणारा, कुलूप उघडणारा आणि ते कुलूप लावून रात्री निर्धास्त झोपणारा. आजच्या व्यवहारात यातलं तिसरं माणूस कुठे गेलं, एवढंच आम्ही शोधतो आहोत.

संगणकाच्या जगात ही प्रथा कशी आली ते भराभर सांगतो. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधले दोष शोधणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली. या प्रकारची ती पहिली मोठी योजना समजली जाते. त्या काळात शोधणाऱ्यांचा रिवाज मात्र वेगळा होता. दोष सापडला की तो तपशिलासह सगळ्यांसमोर ठेवायचा. कारण साधं होतं. खासगीत कळवलं की कंपन्या ढिम्म हलत नसत. मग २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागातल्या स्कॉट कल्प यांनी निबंध लिहून या प्रथेला माहितीची अराजकता म्हटलं. इंटरनेटवर थैमान घालणारे कोड रेडसारखे किडे या उघड तपशिलांवर पोसले जातात, हा त्यांचा मुद्दा. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. पुढच्याच वर्षी दोघा तज्ज्ञांनी दोष कसा कळवावा याचा एक मसुदा मांडला, त्याच्या शीर्षकात 'रिस्पॉन्सिबल' हा शब्द होता. शब्द रुळला. एकदा तो रुळला की काम फत्ते, कारण जो या पद्धतीने वागणार नाही तो आपोआप बेजबाबदार ठरतो. वाद करायचीसुद्धा गरज राहत नाही. गंमत म्हणजे २०१० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच हा शब्द सोडला आणि 'समन्वयाने केलेलं प्रकटीकरण' अशा अर्थाचा नवा शब्द घेतला. शब्दात निवाडा दडलेला आहे, हे त्यांनाही जाणवलं असावं. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द सरकारी कागदांतसुद्धा नांदतो आहे.

आता त्याचं मराठी घ्या. जबाबदार. 'जबाब' मूळ अरबी, 'दार' फारसी. ज्याच्याकडे जबाब आहे, ज्याला उत्तर देणं भाग आहे, तो जबाबदार. म्हणजे या शब्दाला एकट्याने उभं राहता येत नाही. समोर कोणीतरी विचारणारा लागतो. आई मुलाची जबाबदार असते, मंत्री विधानसभेला जबाबदार असतो, असे आपण म्हणतो, तेव्हा ती चौथीची किंवा षष्ठीची विभक्ती भरलेली असते. 'जबाबदार प्रकटीकरण' या शब्दप्रयोगात विभक्तीची जागा रिकामी ठेवली आहे. ती कोणी भरली हे पाहायचं तर कंपन्यांच्या नियमावल्या वाचाव्यात. आम्ही बऱ्याच वाचल्या. निवृत्तीनंतर वेळ असतो!

या नियमावल्यांची वाक्यरचनाच पाहण्यासारखी असते. शोधणाऱ्यासाठीची वाक्यं आज्ञार्थी: अमुक भागाबाहेर तपासू नये, दुसऱ्याच्या खात्याला हात लावू नये, आम्ही परवानगी देईपर्यंत कोठेही वाच्यता करू नये. यांतल्या पहिल्या दोन अटी रास्तच आहेत. कंपनीसाठीच्या वाक्यांत मात्र 'शक्यतो', 'प्रयत्न करू', 'आमच्या निर्णयानुसार' यांची रेलचेल. किती दिवसांत दुरुस्त करणार? शक्यतो लवकर. बक्षीस किती? आमच्या निर्णयानुसार. आणि ज्यांची माहिती त्या भोकातून दिसत होती, त्या माणसांसाठी? बहुतेक ठिकाणी एकही वाक्य नाही. आज्ञार्थीही नाही, संकेतार्थीही नाही. ती माणसं व्याकरणातच नाहीत.

बक्षीस या शब्दाचीही एक मौज आहे. तो ज्या फारसी क्रियापदापासून आला, त्याचे दोन अर्थ आहेत, देणं आणि माफ करणं. हिंदीत 'जान बख्श दी' म्हणतात तोच हा धातू. बग बाउंटीत हे दोन्ही अर्थ हातात हात घालून येतात. कंपनी पैसे देते आणि सोबत वचन देते की नियम पाळलेस तर तुझ्यावर खटला भरणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला चब कंपनीची जुनी हकिकत आठवली. त्यांच्या कुलपाची परीक्षा म्हणून तुरुंगाच्या जहाजावरच्या एका कैद्याला, जो मूळचा कुलूप कारागीर होता, ते उघडायला दिलं होतं. उघडलंस तर शिक्षा माफ आणि वर १०० पौंड. बिचारा दोन-तीन महिने खपला, जमलं नाही. त्या माणसाला माफी हवी होती, कारण तो कैदी होता. आजच्या शोधणाऱ्याला ती का लागावी? आधीच गुन्हेगार धरल्याशिवाय माफीचं वचन देताच येत नाही.

देणारा खुशीने देतो ते बक्षीस. घेणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो. हक्काची ती मजुरी. म्हणून २०१३ मध्ये याहूमधले दोष कळवणाऱ्या एका सुरक्षा कंपनीला दर दोषामागे साडेबारा डॉलरचं कूपन मिळालं, तेही याहूच्याच दुकानात टीशर्ट-पेनं घ्यायला, तेव्हा जगाने हसण्यापलीकडे काही करता आलं नाही. हशा एवढा झाला की याहूने लगोलग १५० ते १५,००० डॉलरची योजना काढली. त्याआधी २००९ मध्ये काही नामवंत शोधकांनी 'यापुढे दोष फुकट मिळणार नाहीत' अशी घोषणाच केली होती. ती मजुरीची मागणी होती. उत्तरादाखल मिळाली ती बक्षिसांची योजना. गूगलने २०१० मध्ये, फेसबुकने २०११ मध्ये सुरू केली.

पैशाबद्दल आम्हाला सोवळेपणा नाही, गैरसमज नको. रक्कम छोटी असली तरी मान मोठा असू शकतो. डच सरकारचा दोष कळवला की एक टीशर्ट मिळतो. त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला काय तर हा भिकार टीशर्ट'. लोक तो मिरवतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. लोक तो वटवतच नसत, फ्रेम करून लावत. पण क्नुथ आणखी एक गोष्ट करतात. सापडलेल्या चुकांची यादी ते सगळ्यांसाठी प्रसिद्ध करतात. शोधणाऱ्याला चेक आणि वाचकाला शुद्धिपत्र. हे दुसरं अर्धं काम आमच्या दृष्टीने अधिक मोलाचं.

व्यवस्था नीट चालली तर किती छान चालते त्याचंही उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतो. २०१६ मध्ये बंगळुरूच्या एका तरुणाला फेसबुकमध्ये एक दोष सापडला. पासवर्ड विसरलात की फोनवर सहा आकडी कोड येतो. मुख्य वेबसाइटवर दहा-बारा वेळा चुकीचा कोड टाकला की दार बंद होतं. पण फेसबुकच्या चाचणीसाठीच्या उपवेबसाइटवर ही मर्यादा घालायची राहून गेली होती. सहा आकडी कोड म्हणजे शक्यता दहा लाख, आणि यंत्राला दहा लाख म्हणजे काहीच नाही. याचा अर्थ कोणाचंही खातं उघडता येत होतं. त्याने स्वतःच्याच खात्यावर प्रयोग केला, कळवलं, दोष दुरुस्त झाला, १५,००० डॉलर मिळाले, आणि दुरुस्तीनंतर त्याने सगळं जाहीर लिहिलं. त्याने लिहिलं म्हणून तर आज आम्ही तुम्हाला सांगू शकतो.

हेच २०१३ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या एका तरुणाच्या बाबतीत फिसकटलं. मित्र नसलेल्या माणसाच्याही भिंतीवर लिहिता येतं, असा फेसबुकमधला दोष त्याने कळवला. उत्तर आलं, हा दोष नाही. मग त्याने पुरावा म्हणून थेट मार्क झुकरबर्ग यांच्या भिंतीवर लिहून दाखवलं. दोष तत्काळ मान्य झाला, बक्षीस मात्र नामंजूर. खऱ्या खात्यावर प्रयोग करून नियम मोडला म्हणून. कंपनीने आपणही अधिक विचारायला हवं होतं, अशी कबुली दिली. पैसे शेवटी जगभरातल्या लोकांनी वर्गणी काढून दिले, दहा हजार डॉलरहून जास्त. नियम मोडला हे खरंच. पण 'हा दोष नाही' असं म्हणणाऱ्याने कोणता नियम मोडला? त्याच्यासाठी नियमच नव्हता.

इथे आम्हाला कौटिल्य आठवतो. अर्थशास्त्रात सरकारी पैशाच्या अपहाराची खबर देणाऱ्याला 'सूचक' म्हटलं आहे. खबर खरी ठरली तर त्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा. सूचक स्वतः सरकारी नोकर असेल तर बारावा, कारण कळवणं हे त्याचं कामच. आरोप सिद्ध करता आला नाही तर सूचकाला दंड. बघा, दोन हजार वर्षांपूर्वी बक्षिसाचा दर ठरलेला आहे, 'आमच्या निर्णयानुसार' नाही. पण पुढची तरतूद फार जळजळीत आहे. आरोपीच्या चिथावणीने सूचकाने माघार घेतली, तर सूचकाला देहान्त. शिक्षा भयंकर आहे, तिचं समर्थन आम्ही करत नाही. तिच्यामागचा विचार मात्र पाहा. सूचक खबर देतो राजाला. पैसे राजाकडून घेतो. ज्याच्याविरुद्ध खबर आहे त्याच्याकडून त्याने काही घेतलं, तर ती खबर राहत नाही, सौदा होतो.

बग बाउंटीत सूचक खबर देतो ती ज्याचा दोष त्यालाच, आणि बक्षीसही त्याच्याकडूनच घेतो. राजा नाही आणि प्रजाही नाही.

याचं टोक काय असतं ते उबरने दाखवलं. २०१६ च्या अखेरीस दोघांनी उबरच्या साठ्यातून ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती उचलली आणि पैसे मागितले. ही सरळसरळ खंडणी. कंपनीने त्यांना १ लाख डॉलर दिले, आणि कसे दिले? बग बाउंटीच्या खात्यातून. वाच्यता न करण्याचा करार लिहून घेतला, त्यात माहिती घेतलीच नाही असं धडधडीत खोटं विधान. वर्षभर त्या ५ कोटी ७० लाखांपैकी कोणालाही काही कळलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या प्रमुखांनी ते उघड केलं. तत्कालीन सुरक्षाप्रमुखांना २०२२ मध्ये अमेरिकन ज्यूरीने दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. लोक म्हणतात, हा बग बाउंटीचा गैरवापर होता, तिचा काय दोष? मान्य, गैरवापरच. आमचा प्रश्न एवढाच की तो इतक्या सहजपणे का करता आला? पैसे, मौनाचा करार, तिसऱ्या माणसाला न सांगणं, हे सगळे सुटे भाग तिथे तयारच होते. नुसते जोडायचे होते.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं: आम्ही दोष दुरुस्त केला आणि त्याचा कोणी गैरफायदा घेतल्याचा पुरावा नाही, मग लोकांना कळवून उगाच घाबरवायचं कशाला? पुराव्याच्या या भाषेशी आमचा आयुष्यभराचा संबंध, म्हणून इथे जरा थांबतो. मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण लगेच अट घातली: अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. आता वेबसाइटकडे या. कोणी काय उघडलं याची नोंद, ज्याला लॉग म्हणतात, ती ठेवली असेल, पुरेशा काळाची असेल, आणि कोणी ती तपासली असेल, तर 'पुरावा नाही' याला अर्थ आहे. नोंदच ठेवली नसेल तर 'पुरावा नाही' म्हणजे 'दिवा नाही' एवढंच. आणि एक लक्षात घ्या, शोधणाऱ्याने कळवलं याचा अर्थ तो पहिला आला असा होत नाही. तो फक्त पहिला बोलला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बक्षिसाच्या आशेने किरकोळ गोष्टींचे अहवाल पाठवून पैसे मागणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. 'कर्ल' नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, जगातल्या असंख्य यंत्रांत ते बसलेलं असतं. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या जानेवारीतच तक्रार केली होती की, एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला भरगच्च आणि आतून पोकळ अहवाल वाचण्यात त्यांच्या मंडळींचा वेळ जातो. कौटिल्याने खोट्या सूचकाला दंड का ठेवला ते यातून कळतं. आणि सगळं सगळ्यांना ताबडतोब सांगा, असंही आम्ही म्हणत नाही. दार उघडं आहे हे दुरुस्तीआधी ओरडून सांगितलं तर पहिला पोचतो तो चोर. गूगलच्या एका पथकाने यावर ९० दिवसांची मुदत ठेवली आहे. तेवढ्यात कंपनीने दुरुस्ती केली नाही तर ते दोष जाहीर करतात. कंपन्यांना राग येतो, पण दुरुस्त्या होतात. यात तिसऱ्या माणसाची आठवण आहे. उशिरा का होईना, त्याला कळेल याची तारीख ठरलेली आहे.

आता आपल्या देशाकडे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीविना यंत्रणेत शिरणं हेच नुकसानभरपाईला पुरेसं कारण आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर ६६ वं कलम, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सद्हेतूने दोष शोधणाऱ्याला वेगळं काढणारं कलम कायद्यात नाही. 'अप्रामाणिकपणे' या शब्दाचा आधार आहे, पण तो कोर्टात, म्हणजे पोलिसांनी जबाब नोंदवल्यावर. पाहा, जबाबदारी आली ती अशी! अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये निदान धोरण म्हणून तरी सांगितलं की सद्हेतूच्या संशोधनावर खटले भरू नयेत. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था दोषांची माहिती स्वीकारते, संबंधितांपर्यंत पोचवते, हे चांगलंच आहे. २०२० मध्ये आरोग्य सेतू ॲपचं मूळ लेखन खुलं करून दोष शोधणाऱ्यांना लाखापर्यंत बक्षीस जाहीर झालं, तेही चांगलं. पण २०१८ च्या जानेवारीत आधारची माहिती ५०० रुपयांत मिळते, अशी बातमी 'द ट्रिब्यून'ने दिली तेव्हा गुन्ह्याच्या नोंदीत बातमीदाराचंच नाव आलं होतं, हेही विसरता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवण्याचं बंधन आहे. माहिती फुटली तर. दार सताड उघडं होतं, पण कोणी आत आलं का ते आम्हाला माहीत नाही, या स्थितीचं काय? तिथे पुन्हा तो काळोख्या खोलीतला घडा.

आता ते अवघड कारण.

सहा-सात वर्षांपूर्वी आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन घरी आले. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुरुवातीला जे ४५१७ आणि ४५१८ सांगितलं ते आम्ही रचलेलं नाही, आकडे तेवढे बदललेत. एका संस्थेच्या वेबसाइटवर त्याला ते सापडलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. त्याने तीन-चार अर्ज उघडून पाहिले, घाबरून बंद केले, आणि काय करावं हे विचारायला वडिलांना घेऊन आला. आम्ही त्याची पाठ थोपटली. जबाबदारीने वाग, म्हणालो. संस्थेला पत्र लिहू, रजिस्टर पोस्टाने. पत्र आम्हीच लिहून दिलं, शुद्ध मराठीत, मुलाच्या नावाने, खाली आमचीही सही. आठ दिवसांनी त्याच्या वडिलांना फोन आला. आम्हाला नाही, वडिलांना. तुमच्या मुलाने विनापरवानगी घुसखोरी केली आहे, जबाब द्यायला यावं लागेल, करिअरचा विचार करा. वडील रात्री आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, आता काय करायचं?"

आम्ही म्हणालो, गप्प बसा.

चार-पाच महिन्यांनी ते भोक बुजवलं गेलं. मुलाने पाहून सांगितलं. कोणाला सूचना नाही, खुलासा नाही, आमच्या पत्राला पोच नाही. हजारो मुलामुलींचे अर्ज होते तिथे. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीने ती परीक्षा दिली होती. पुढे एकदा जिन्यात भेटली, तेव्हा वैतागून म्हणाली, "आजोबा, कुठल्या कुठल्या क्लासेसचे फोन येतात हो, नाव-गाव, मार्क सगळं त्यांना माहीत!" तिचा नंबर तिथूनच गेला असं आम्ही म्हणू शकत नाही. नंबर जायला हजार वाटा आहेत. तिथून गेला नाही, असंही म्हणू शकत नाही. आम्ही 'हो का' म्हणालो आणि जिना चढलो. तिला सांगता आलं असतं. दोष तोवर बुजलेला होता, म्हणजे सांगण्याने चोराला फायदा होणार नव्हता. आमच्यावर कोणी करार घातला नव्हता, कोणी १ लाख डॉलर दिले नव्हते. फुकटात गप्प बसलो.

कांटने 'शाश्वत शांती' या १७९५ सालच्या निबंधात एक कसोटी दिली आहे: दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित ज्या कृतीचं तत्त्व उघडपणे सांगता येत नाही, ती कृती अन्याय्य. वर्षानुवर्षं ही कसोटी आम्ही एम. ए.च्या वर्गात फळ्यावर लिहिली. 'दोष बुजल्यावरही ज्यांची माहिती उघडी होती त्यांना आम्ही सांगणार नाही', हे वाक्य ती संस्था आपल्या दारावर लावू शकेल का? उबर लावू शकलं असतं का? ब्रामांनी निदान पाटी तरी खिडकीत लावली होती.

मागणी म्हणाल तर ती लहान आहे. प्रत्येक नियमावलीत एक वाक्य वाढवावं, तेही 'शक्यतो' न लावता: दुरुस्तीनंतर इतक्या दिवसांत, ज्यांची माहिती उघडी होती त्यांना आम्ही कळवू, आणि नोंदी तपासल्या की नाही तेही सांगू. शोधणाऱ्याला बक्षीस द्या न द्या, पण त्याच्या बक्षिसाला मौनाची अट बांधू नका. आणि ४३ व्या कलमाला सद्हेतूचा एक अपवाद जोडा, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पोराला माफीची गरज लागणार नाही.

तो मुलगा आता एका परदेशी कंपनीत हेच काम करतो, पगार घेऊन. गेल्या दिवाळीत भेटायला आला होता. आम्ही त्याला हे व्याख्यान देणार असल्याचं सांगितलं आणि ती हकिकत सांगू का, असं विचारलं. तो म्हणाला, "सांगा सर, माझं नाव नका घेऊ." मग जरा थांबून म्हणाला, "त्या पत्राची प्रत आहे का तुमच्याकडे?" आहे. कार्बन लावून केली होती. सोसायटीतल्या त्या मुलीला ती आम्ही मागच्या आठवड्यात वाचायला दिली. तिचं लग्न झालंय आता, माहेरी आली होती. तिने दोनदा वाचली आणि विचारलं, "आणखी कोणाकोणाला दाखवलंत?"

आज तुम्हाला. बरं, वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील तर घेऊ.